मंडळीतून बालतस्करीविरुद्ध जागृती: मुंबईत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

चर्चमधल्या उपासनेनंतर कुणीतरी बालतस्करीवर बोलून जातं, लोक हळहळतात, आणि पुढच्या रविवारी दोन-तीन तरुण मुलं-मुली पाळकांना (पास्टरना) गाठून विचारतात, "आम्हाला यात काही करता येईल का?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी मुंबईच्या उपनगरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळातून हे काम करते. कॅथलिक धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) गटांबरोबरही आमचं जाणं-येणं असतं, त्यामुळे पुढचं सगळं दोघांनाही लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. धाड घालणं, मुलांना सोडवणं हे आपलं काम नाही. ते पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं (अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीचं) आहे. नव्या माणसांचा उत्साह नेमका तिकडे धावतो आणि त्यात मुलालाच इजा होते. आपलं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे. लोकांना तस्करी ओळखता यावी, त्यांनी ती वेळेत कळवावी, आणि कळवल्यावर त्या मुलाची गोष्ट वस्तीभर होऊ नये, एवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

पहिली पायरी: तस्करी कशाला म्हणतात ते नीट समजून घ्या

तस्करी म्हटलं की गाडीत कोंबून पळवलेलं मूल डोळ्यांसमोर येतं. पण कितीतरी मुलं ओळखीच्या माणसाचा हात धरून, आईवडिलांच्या होकाराने, दिवसाढवळ्या रेल्वेने येतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १४३ प्रमाणे धमकी, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशाचं आमिष वापरून शोषणासाठी कुणाला कामावर घेणं, कुठे नेणं, लपवून ठेवणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं हा गुन्हा आहे. मुलाच्या पालकाला पैसे देऊन मिळवलेली संमतीही त्यातच येते. ज्याचं शोषण झालं तो "हो" म्हणाला होता का, याने गुन्हा ठरण्यात काहीच फरक पडत नाही. लैंगिक शोषण, गुलामी, जबरदस्तीने अवयव काढणं आणि भीक मागायला लावणं हे सगळं शोषणात मोडतं. मूल एक असेल तर किमान १० वर्षांची शिक्षा, एकाहून जास्त असतील तर किमान १४, आणि दोन्हींत जन्मठेपेपर्यंत.

मुंबईत याची रूपं वेगवेगळी दिसतात. गोवंडी, मदनपुरा, धारावी या भागांतल्या जरीच्या आणि पिशव्यांच्या कारखान्यांत बिहारहून आणलेली मुलं सापडत आली आहेत. ती पोटमाळ्यावरच काम करतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. कामाठीपुरा ही देहविक्रयाची वस्ती आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही, पण तो धंदा संपलेला नाही. तो लॉज, भाड्याचे फ्लॅट आणि मोबाइलवर सरकला आहे, म्हणून तो दिसेनासा झाला. सिग्नलवरची मुलं आहेत, हॉटेलांत भांडी घासणारी आहेत. आणि घरकामाला ठेवलेल्या मुली आहेत, ज्या कुणालाच दिसत नाहीत.

हे सगळं परप्रांतातून येतं असं म्हणून आपण मोकळे होतो. २०२२ मध्ये इगतपुरी भागातल्या कातकरी मुलांना काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढराच्या बदल्यात नगरकडच्या मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचं उघडकीला आलं. ती मुलं मराठी मुलखातली होती आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरची होती. मंडळीत बोलताना हे उदाहरण जरूर घ्या.

दुसरी पायरी: मंडळीची परवानगी, आणि स्वतःच्या गटासाठी नियम

पाळकांशी आणि वडीलमंडळींशी आधी बोला. "हे सामाजिक काम झालं, आपलं काम सुवार्तेचं, म्हणजे धर्म सांगण्याचं," असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. १८८९ साली त्यांनी शारदा सदन सुरू केलं ते मुंबईतच, ते पुण्याला गेलं नंतर. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या, कारण तशा मुलींवर वाईट माणसांचा डोळा होता हे त्यांना दिसत होतं. केडगावच्या मुक्ती मिशनची वाढ त्या मुलींमुळे झाली. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हे काम परकं नाही.

गट पाच-सहा जणांचा पुरे. त्यात निम्म्याहून अधिक बायका असाव्यात आणि एखादी शिक्षिका, नर्स किंवा वकील असेल तर उत्तम. पहिल्या बैठकीतच नियम लिहून काढा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. कुणीही मोठं माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहणार नाही. मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढायचे नाहीत. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायचं, पाळकांच्या मुलानेसुद्धा.

यावर लोक रागावतात. "आम्हाला काय चोर समजता?" असं तोंडावर विचारतात. तरी माघार घेऊ नका. मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस मुलं जिथे सहज भेटतात अशीच जागा शोधतो, आणि शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, ही तशी जागा आहे. आपल्यातल्याच कुणाबद्दल तक्रार आली तर काय करायचं, हेही त्याच कागदावर असू द्या. पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे मुलावरचा लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "मंडळीचं नाव खराब होईल" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. ते म्हणणारा माणूस कितीही आदरणीय असला तरी पोलिसांना कळवायचंच.

तिसरी पायरी: सुरुवात आपल्या घरांतून

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पोस्टर घेऊन स्टेशनवर जाणं सोपं आहे आणि शेजारच्या बाकावर बसणाऱ्या काकूंना विचारणं अवघड आहे.

आपल्या मंडळीतल्या किती घरांत अठराच्या आतली मुलगी कामाला आहे? उत्तर बहुधा "आम्ही तिला मुलीसारखं ठेवतो" असं येतं. मग पुढचं विचारायचं. ती शाळेत जाते का? तिचा पगार कुणाच्या हातात पडतो? आईशी ती फोनवर एकटी बोलू शकते का? तिचं आधार कार्ड कुणाच्या कपाटात आहे? शेवटची गावी कधी गेली? तिला कुणी आणलं आणि त्या माणसाने किती पैसे घेतले? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंद आहे. शाळा सांभाळून स्वतःच्या घरच्यांना मदत करणं आणि बालकलाकार एवढाच अपवाद त्यात आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. आणि पगार न देता, कोंडून, मारून राबवणं कुठल्याच वयात चालत नाही.

विचारणाऱ्याचा सूर मात्र सांभाळा. चारचौघांत बोट दाखवलं की दार बंद होतं आणि मुलगी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी पोचते. आमच्याकडे महिला मंडळातल्या वयाने मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या बाई आधी घरी जाऊन बोलतात. पण मुलीच्या अंगावर मार दिसत असेल, ती कोंडलेली असेल, किंवा लैंगिक छळाची नुसती शंका असेल, तर समजावत बसायचं नाही. सरळ फोन करायचा.

मिशनच्या कामात आणखी एक धोका आहे आणि तो आपल्या विश्वासातूनच येतो. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडच्या आदिवासी भागांतून मुलींना शहरात आणणारा दलाल कधी त्यांच्याच गावचा, त्यांच्याच चर्चचा असतो. "आपल्यातला आहे" म्हटल्यावर आईवडील काही विचारत नाहीत आणि इथे मुंबईत आपणही विचारत नाही. पाळकांच्या ओळखीने आली म्हणून चौकशी सुटत नाही. उलट ती आधी पाळकांकडेच करायची.

तसंच वसतिगृहांचं. गावाकडून मुलं गोळा करून शहरातल्या "होम"मध्ये ठेवण्याचा प्रस्ताव घेऊन कुणी मंडळीत आलं, तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली त्या संस्थेची नोंदणी आहे का, हे आधी बघा. नोंदणीचा कागद दाखवता येत नसेल तर एक रुपयाही देऊ नका. आपल्याच मुलांना शिबिराला नेताना प्रत्येकाच्या पालकांचं लेखी संमतीपत्र, ओळखपत्राची प्रत, नावांची यादी आणि पालकांचे फोन नंबर सोबत ठेवा. रेल्वेत पोलिसांनी अडवलं तर चिडू नका. ते त्यांचं काम करत असतात, आणि तेच आपण त्यांच्याकडे मागतो आहोत.

चौथी पायरी: नंबर आणि माणसं

१०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. या सेवेचा जन्म आपल्या मुंबईतच झाला, १९९६ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून. आता ती शासन चालवतं आणि ती ११२ शी जोडलेली आहे. जिवाला धोका दिसला तर सरळ ११२ लावा. रेल्वेच्या डब्यात किंवा फलाटावर असाल तर १३९, किंवा समोर दिसणारे आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे), लोहमार्ग पोलिसांचे कर्मचारी.

नुसते नंबर पाठ करून भागत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. गटातल्या दोघांनी आधीच जाऊन त्यांना भेटून यावं, नाव आणि ठाण्याचा नंबर लिहून आणावा. अडचण नसताना झालेली ओळख अडचणीच्या रात्री कामाला येते. पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाबद्दलही तिथेच विचारा. मुंबईत डोंगरी आणि मानखुर्द ही दोन नावं तुमच्या कानावर सतत पडतील, कारण बालगृहं आणि बालकल्याण समितीचं कामकाज तिथे चालतं.

आधीपासून काम करणाऱ्यांकडून शिका. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या प्रेरणा संस्थेने देहविक्रयातल्या बायकांच्या मुलांसाठी १९८८ मध्ये रात्रीचं पाळणाघर सुरू केलं, जगातलं पहिलं. ती ख्रिस्ती संस्था नाही, आणि म्हणून शिकायला काही अडत नाही. मिशनऱ्यांपैकी जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंचं स्नेहसदन १९६२ पासून रस्त्यावरच्या मुलांमध्ये आहे, वडाळ्याला डॉन बॉस्को आहे. कॅथलिक सिस्टर्सचं तालिथा कुम हे आंतरराष्ट्रीय जाळं २००९ मध्ये उभं राहिलं, त्यांच्या भारतातल्या सिस्टर्स प्रशिक्षण देतात.

पाचवी पायरी: मंडळीत बोलायचं कसं

शब्बाथ शाळेतल्या प्रत्येक मुलाला बायबलमधल्या योसेफाची गोष्ट येते. त्याचा रंगीत झगा येतो, खड्डा येतो, मिसरही येतं. पण त्याला वीस चांदीच्या नाण्यांना विकणारे त्याचे स्वतःचेच भाऊ होते, यावर आपण थांबत नाही. तिथे थांबा. मुलांना "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नका" एवढंच शिकवलं जातं. त्यांना हेही कळायला हवं की ओळखीचा माणूससुद्धा चुकीचं सांगू शकतो, आणि "हे आईला सांगू नकोस" असं कुणी म्हणालं तर तेच आधी आईला सांगायचं. आईच सांगण्यासारखी नसेल तर कुणाला, अशी दोन मोठी माणसं प्रत्येक मुलाने मनात ठरवून ठेवायची. लहानांकडून आईबाबांचा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता गाण्यासारखा पाठ करून घ्या.

तरुण संघात वेगळं बोला. तिथे विषय येतो इन्स्टाग्रामवरच्या मॉडेलिंगच्या ऑफरचा, परदेशातल्या नोकरीचा, "आधी मूळ कागदपत्रं जमा करा"चा, आणि दोन महिन्यांच्या प्रेमात पळून जाऊया म्हणणाऱ्या मुलाचा. भाषण पंधरा मिनिटांत संपवा आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवा. हात वर करून कुणी विचारत नाही, चिठ्ठीत मात्र खरं येतं. चिठ्ठीत कुणी स्वतःबद्दल लिहिलं असेल तर ती मोठ्याने वाचू नका. सभा संपल्यावर मी अमुक खोलीत थांबणार आहे, एवढं सगळ्यांना सांगा.

पोस्टरवर साखळीत बांधलेली रडकी मुलगी नको. त्या चित्राने लोक मान फिरवतात, आणि तस्करीतलं मूल तसं दिसत नसल्याने समोर असूनही त्यांना ओळखू येत नाही. दहा फुटांवरून वाचता येईल असं १०९८ लिहा, खाली मराठी आणि हिंदीत दोन ओळी. पथनाट्य करणार असाल तर अत्याचाराचा प्रसंग मंचावर दाखवू नका. प्रेक्षकांत तो भोगलेली मुलगी बसलेली असू शकते. दलाल गावात येऊन आईशी कसं गोड बोलतो, एवढाच प्रसंग दाखवा.

सहावी पायरी: चर्चच्या आवाराबाहेर

शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, स्टेशनवर रेल्वेची, वस्तीत जायचं तर तिथल्या अंगणवाडी सेविकेला आणि महिला बचत गटाला आधी भेटा. कुर्ला टर्मिनस, कल्याण, दादर, वांद्रे टर्मिनस इथे लांबच्या गाड्या येतात. पण तिथे गर्दीत पत्रकं वाटण्यापेक्षा हमाल, चहावाले, रिक्षावाले, स्वच्छतागृहाचे कर्मचारी यांच्याशी बोला. ते रोज तिथे असतात, आपण महिन्यातून एखाद्या दिवशी.

जागृतीचं काम आणि धर्मप्रसार एकत्र करू नका. पत्रकावर बायबलचं वचन छापू नका, मुलांना प्रार्थना म्हणायला लावू नका, मदतीच्या बदल्यात उपासनेला बोलावू नका. मी श्रद्धेपोटीच हे काम करते आणि ते कुणापासून लपवत नाही. पण घाबरलेल्या मुलाला "नाही" म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यासमोर श्रद्धा ठेवणं हा त्याच्यावरचा दबावच आहे. शिवाय एकदा शंका आली की त्या वस्तीत पुढची कित्येक वर्षं कुणी आपलं ऐकत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात: परदेशातल्या मंडळीने मदत देऊ केली तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली दुसरी संस्था ती घेऊन तुम्हाला देऊही शकत नाही. या कामाला सुरुवातीला छपाई आणि प्रवास एवढाच खर्च येतो. तो वर्गणीतून भागतो.

सातवी पायरी: समोर मूल दिसलं तर

समजा रात्रीच्या गाडीतून चार-पाच मुलं एका माणसाबरोबर उतरली. मुलांना कुठे चाललोय ते सांगता येत नाही, सगळ्यांची तिकिटं त्या माणसाकडे आहेत, प्रश्न विचारला की तोच उत्तर देतो. यातली एकेक गोष्ट साधी असू शकते, सगळ्या एकत्र आल्या तर कळवा. खात्री करणं आपलं काम नाही, शंका पुरेशी आहे.

त्या माणसाशी वाद घालू नका, पाठलाग करू नका, व्हिडिओ काढू नका. गाडीचं नाव, डबा, फलाट, वेळ, मुलं किती आणि साधारण किती वयाची, माणसाचे कपडे, रिक्षा किंवा टॅक्सीचा नंबर एवढं लक्षात ठेवा आणि लगेच फोन करा. फोन कधी केला, कोण बोललं, काय सांगितलं, हे वहीत लिहा.

मूल एकटं सापडलं तर त्याच्या शेजारी, उजेडात, लोकांच्या नजरेसमोर बसा. पाणी द्या, नाव सांगा, "मी फोन केलाय, कुणीतरी येईपर्यंत मी इथेच आहे" असं सांगा. काय झालं, कुणी केलं असं खोदून विचारू नका. ते मूल पुढे तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, आणि आपल्या प्रश्नांनी त्याचा जबाब बिघडतो. "तुला आईकडे पोचवते" असं वचन देऊ नका, कारण त्याला विकणारी कदाचित घरातलीच माणसं असतील. आणि मूल स्वतःच्या घरी नेऊ नका, रात्र कितीही झालेली असो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे निराधार किंवा हरवलेलं मूल सापडल्यावर चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं. न कळवता ठेवून घेणाऱ्यावरच गुन्हा होऊ शकतो.

पुढे काय होतं तेही माहीत असू द्या, म्हणजे लोकांना सांगता येतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढे नेतात. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. वैद्यकीय तपासणी होते, बालगृहात सोय होते, घरची चौकशी होते आणि घर सुरक्षित असेल तरच मूल परत जातं. पोक्सोच्या प्रकरणात जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकारी घेतात, गणवेश न घालता. वस्तीतलं कुणाचं मूल हरवलं असेल तर "दोन दिवस वाट बघा" हे उत्तर स्वीकारू नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे हरवलेल्या मुलाची तक्रार एफआयआर म्हणूनच नोंदवायची असते. पालकांबरोबर ठाण्यात जाऊन एफआयआरची प्रत हातात पडेपर्यंत थांबा. ती विनामूल्य मिळते.

आठवी पायरी: साक्ष नको

आपल्याकडे साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगण्याची, प्रथा आहे आणि ती मला प्रिय आहे. पण सुटलेल्या मुलीला मंचावर उभं करून तिची कहाणी सांगायला लावणं थांबलंच पाहिजे. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, अर्पणाच्या पेटीत भर पडते, आणि त्या मुलीची ओळख पुढची कित्येक वर्षं तेवढीच उरते. "तिने स्वतःहून तयारी दाखवली" असं म्हणतात. ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांना ती नाही कशी म्हणणार? कायदाही स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चेहरा धूसर केलेला फोटोसुद्धा मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नका. प्रार्थनेच्या विषयांतही "अमुक चाळीतली ती मुलगी" नको. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

८ फेब्रुवारीला संत जोसेफीन बखिता यांचा सण असतो. सुदानच्या दारफुरमध्ये लहानपणी पळवली गेलेली आणि गुलाम म्हणून विकली गेलेली ही मुलगी पुढे संत झाली. २०१५ पासून कॅथलिक चर्च तो दिवस तस्करीविरुद्धच्या प्रार्थनेचा म्हणून पाळतं, आणि इतर मंडळ्यांनीही पाळायला हरकत नाही. १२ जून बालमजुरीविरोधी दिवस, ३० जुलै मानवी तस्करीविरोधी दिवस. या तीन तारखांना मंडळीत सत्र ठेवा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी मात्र वेगळी बैठक घ्या, कारण गावी जाणारी माणसं परतताना कुणाला तरी "कामाला" सोबत आणतात.

दर तीन महिन्यांनी वही उघडून नंबर पडताळा. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, समितीचे सदस्य बदलतात. नवे बालकल्याण पोलीस अधिकारी आले असतील तर पुन्हा दोघांनी जाऊन भेटून यायचं, आणि शब्बाथ शाळेच्या फळ्याशेजारी लावलेली यादी त्याच दिवशी बदलायची.